उजवीकडून

सोहारच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये
एसी इतका थंड
की बाहेर बेचाळीस अंश असताना
आम्ही आत स्वेटर घालून बसायचो.
पाच जण, एक प्रोजेक्ट:
मासळीबाजारातल्या लिलावाचं ॲप.
कुठली होडी लागली, सुरमई काय भावाने गेली,
सगळं कोळ्याच्या फोनवर, लगेच.

सरांनी पहिल्याच दिवशी एका कागदावर सह्या घेतल्या होत्या.
एकमेकांचा मान राखू, कुणाला बाजूला पाडणार नाही, वगैरे.
मी न वाचता सही केली.
मान तर राखतेच की मी.
आवाज चढवत नाही,
जोमेलचा वाढदिवस लक्षात ठेवते.

अझ्झाच्या नावात घशाच्या तळातून एक अक्षर येतं,
ते मला तीन महिन्यांत जमलं नाही.
तिच्याकडे प नाही, म्हणून मी पूर्वाची बूर्वा.
दोघी हसायचो. इथवर ठीक.

मग एका रात्री दोन वाजता
मी तिचा कोड उघडला
आणि सगळं उलटं.
माशाचं नाव उजवीकडे, भाव डावीकडे,
मागे जायचा बाण भलत्याच दिशेला.
फोन करता आला असता. सकाळी विचारता आलं असतं.
दुसऱ्या दिवशी काही सादर करायचं नव्हतं,
घाई फक्त माझी होती.
मी सगळं सरळ केलं,
म्हणजे मला सरळ वाटेल तसं,
आणि दोन तिरक्या रेघा मारून वर एक शेरा टाकला,
मराठीत, कारण मराठी वाचणारी तिथे मीच:
हा उलटा कारभार कुणाचा, देव जाणे.

अझ्झाने तो मशीनकडून वाचून घेतला.
वहीत पेन्सिलीने उतरवून आणला,
आणि सगळ्यांसमोर, पण शांतपणे, विचारलं,
"कारभार म्हणजे काय?
मशीन म्हणतं, राज्य चालवणं.
मी राज्य नाही चालवत, बूर्वा.
मी एक पान केलं होतं."

शिबिन स्क्रीनकडे बघत राहिला.
मुतासिमने चहाचा कप ठेवला, नको इतका हळू.
मी सॉरी म्हटलं. इंग्रजीत ते पटकन म्हणता येतं.
कारभार मात्र सांगता येईना.
आमच्याकडे तो आईच्या तोंडी असतो,
दूध उतू गेलं, बाबांनी किल्ली हरवली की.
त्यात राग असतो, आणि रागाखाली माया.
माझ्या ओळीत खाली काहीच नव्हतं.

शनिवारी ती मला बाजारात घेऊन गेली.
ओल्या फरशीवर चप्पल सटकत होती.
तिच्या काकांच्या हातात मी माझं सरळ ॲप दिलं.
त्यांचा अंगठा उजव्या कोपऱ्यात गेला,
तिथे काही नव्हतं.
थोडा वेळ थांबले, "छान" म्हणाले,
आणि पाहुण्याला परत करावी तशी वस्तू परत केली.
मग अझ्झाने तिचं जुनं लावलं.
नजर उजवीकडून निघाली, कनअद,
म्हणजे आपली सुरमई,
तिथून सरकत सरकत थेट भावावर,
बाबांची नजर पासबुकावरून जाते तशी.
त्यांनी आकडा मोठ्याने वाचला आणि खो खो हसले.
भाव कालचा होता.
ती चूक माझी. तिच्यावर कुणी शेरा मारला नाही.

मी ओळ पुसली. पण आमच्या कामात
पुसलेलंही राहतं: तारीख, दोन वाजून चौदा मिनिटं, माझं नाव.
शिबिन म्हणाला, तेही काढता येतं, दाखवू?
मी म्हटलं, असू दे.

आता मी रोज आरशासमोर तोंड उघडून
तिच्या नावाचं पहिलं अक्षर शोधते.
काल ती म्हणाली, जवळ आलीस.
आज परत लांब गेले.